त्याला दार लावून बोलू द्या



मे महिन्यातली भर दुपार. आमच्या ओळखीतला एक मुलगा काचा बंद करून उभ्या गाडीत बसला होता. घामाने निथळत फोनवर बोलत होता. घरच्यांना वाटलं, कुणी मुलगी असेल. पलीकडे समुपदेशक होत्या. तो गे आहे आणि कित्येक महिने त्याला धड झोप नव्हती. (त्याला विचारून, ओळख पटू नये असं बदलून लिहितेय.) घरात तीन खोल्या, पण दिवसा एकाही दाराला कडी लागत नाही.

गावात असे डॉक्टर कुठे, ही सबब आता चालायची नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. फोनवर समुपदेशक भेटतात. अशा मुलांना हेच बरं पडतं, कारण दवाखान्यात गेलं की बाकावर शेजारची मावशी बसलेली असते आणि संध्याकाळपर्यंत मंदिरात चर्चा.

पण फोन घरात करायचा आणि घरात आपण! कामावरून आल्यावर त्याला जरा वेळ मिळतो, तीच आपली सूर्यास्ताआधी ताटं वाढायची घाई. आपण तीन हाका मारतो. चौथ्या हाकेला तो फोन ठेवतो. मग 'कुणाशी एवढं बोलत होतास?' मुलगा पंचवीस वर्षांचा असला तरी हा प्रश्न सुटत नाही. याला आपण माया म्हणतो. मी पाळत म्हणते.

कळलंच, तर 'बरा करणारा' डॉक्टर शोधायला निघतो. अहो, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली. असे 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. मदत हवी आहे ती उडालेल्या झोपेसाठी, मनातल्या भीतीसाठी. ती भीती बरीचशी आपलीच आहे.

बायसेक्शुअल मुलाचं तर आणखी अवघड. 'त्याला मुलीही आवडतात ना? मग उरकून टाका लग्न.' त्याला आवडणारी मुलगी भेटली तर तो करेलच की! पण धाकाने उरकलेल्या लग्नात दुसऱ्या कुणाची लेक येते, तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. तिचा विचार आपण बायकांनीच करायचा नाही, तर कुणी?

सून विचारेल, सासूबाई, तुम्हाला माहीत होतं? काय उत्तर द्याल?

तो मुलगा आता शनिवारी चारला आमच्याकडे येतो, वरच्या खोलीत कडी लावून बोलतो. मी तेव्हाच चटणीचा मिक्सर लावते. त्याचं काय बोलणं होतं, मला माहीत नाही. मी विचारतही नाही.