शिष्यवृत्ती उशिरा येते, व्याज वेळेवर जातं

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी (आणि जमल्यास कार्यवाहीसाठी): सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास व वित्त विभाग

विषय: बी.एस्सी. नर्सिंग, बीएएमएस, फिजिओथेरपी इत्यादी पदव्यांच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर मिळण्याबाबत.

संदर्भ: यापूर्वीची सर्व निवेदने. ती ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ झाली आणि तिथेच विसावली आहेत.

महोदय,

प्रास्ताविकात आपला वेळ घेत नाही. शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल म्हणजे काय आणि तिथे काय चालतं, हे आपल्याला माझ्याकडून कळावं अशी परिस्थिती नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होतो. आता निवृत्त आहे. आमच्या गावातून दरवर्षी काही मुलं-मुली नर्सिंगला, आयुर्वेदाला, फिजिओथेरपीला जातात आणि प्रवेशाच्या हंगामात त्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्या ओसरीवर भरले जातात. त्यामुळे बोलतो ते ऐकीव नाही.

सरकार पैसे देत नाही, अशी माझी तक्रार नाही. सरकार पैसे देतं. पण फीची तारीख उलटून जाते, परीक्षेचा फॉर्म भरून होतो, पुढचा वर्ग चालू होतो, आणि मग कधीतरी देतं. मधल्या काळाची किंमत ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून वसूल होते.

8 जुलै 2024 चा शासन निर्णय आपल्याला तोंडपाठ असेल. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 50 ऐवजी 100 टक्के माफ. वार्षिक अतिरिक्त भार 906 कोटी रुपये. निर्णय चांगलाच होता. अभिनंदनाचे फलक आमच्या बसस्थानकासमोरही लागले होते. फलक बघूनच एका मुलीच्या वडिलांनी तिला नर्सिंगला घालायचं ठरवलं. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं, “शासन निर्णय आम्हीही वाचलाय. तुम्ही आधी भरा, सरकारचे आले की परत करू.” पावतीवर ‘फी’ लिहायची सोय नव्हती, म्हणून ‘डिपॉझिट’ लिहिलं. मूळ कागदपत्रं ठेवून घेतली ती वेगळीच. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने 2018 मध्येच सांगितलं आहे. खिडकीपर्यंत ते अजून पोहोचलेलं दिसत नाही.

मंत्रालयातून परिपत्रक निघतं की पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये, घेतल्यास कारवाई होईल. संस्थाचालक म्हणतात की मागच्या वर्षांची प्रतिपूर्ती अजून यायची आहे, आम्ही पगार कशातून करायचे? परिपत्रकही खरं आहे आणि थकबाकीही. या दोन खऱ्यांच्या मध्ये उभा असतो मुलीचा बाप, आणि तो खिशात हात घालतो. खिशात नसतं तेव्हा पतसंस्थेत जातो, सोनाराकडे जातो, नाहीतर गावातल्या ‘त्या’ माणसाकडे जातो, ज्याच्या व्यवसायाला सावकारी म्हणायचं नसतं.

आता हिशोब बघा. आकडे धरून चालण्यासाठी घेतले आहेत, दर मात्र आमच्याकडचा आहे. समजा फी वर्षाला 80,000 रुपये. शेकडा दोन रुपये दरमहा या दराने पैसे उचलले. दरमहा व्याज 1,600. शिष्यवृत्ती बारा महिन्यांनी आली तर व्याज 19,200. नर्सिंगची चार वर्षं असंच चाललं तर 76,800. म्हणजे जवळजवळ एका वर्षाची फी नुसत्या व्याजात गेली. बारा महिन्यांऐवजी दीड वर्ष लागलं, तर एका वर्षाचं व्याज 28,800 आणि चार वर्षांचं 1,15,200. हे ‘शंभर टक्के माफी’ मिळालेल्या मुलीचं गणित आहे. तिचा भाऊ राजर्षी शाहू योजनेतून शिकत असेल, तर त्याला सवलत निम्म्या फीची. उरलेली निम्मी त्याची स्वतःची, आणि सरकारच्या निम्म्यावरचं व्याजही त्याचंच.

शासन निर्णयात या व्याजाला शीर्ष नाही. अर्थसंकल्पात त्याची तरतूद नाही. तरी ते दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता भरलं जातं. महोदय, शब्द कडक वाटला तर क्षमा करा, पण याला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत. अल्पभूधारक आणि ऊसतोड कामगार महाराष्ट्र शासनाला बिनव्याजी कर्ज देत आहेत, आणि ते कर्ज देण्यासाठी स्वतः व्याजाने पैसे काढत आहेत.

उशिराची भरपाई करायची पद्धतच आपल्याकडे नाही, असं मात्र कोणी सांगू नये. प्राप्तिकराचा परतावा लांबला तर खातं दरमहा अर्धा टक्का व्याज देतं. सूक्ष्म किंवा लघुउद्योजकाचं बिल 45 दिवसांत चुकतं केलं नाही, तर 2006 च्या कायद्याने बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं लागतं, मग खरेदीदार सरकारी खातं का असेना. साधा उत्पन्नाचा दाखला घ्या. लोकसेवा हक्क अधिनियमाने त्याला 15 दिवसांची मुदत आहे आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायच्या कागदाला मुदत आहे. तो कागद जोडल्यावर जे मिळायचं, त्याला नाही.

आणि वसुलीची वेळ आली की शासनाला तारखा उत्तम कळतात. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्षाची सेवा दिली नाही, तर बंधपत्राप्रमाणे दहा लाख रुपये. त्यात ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ असं कलम नसतं.

आपल्या विभागाचे विद्यार्थी इतरांपेक्षा वेगळे का, हेही सांगतो. बी.ए. करणारा मुलगा संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभा राहू शकतो, सुट्टीत हॉटेलात काम करू शकतो. नर्सिंगची मुलगी काय करणार? परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे शेवटच्या सत्रात 22 आठवडे, आठवड्याला 48 तास, एकूण 1,056 तास ती वॉर्डात असते. थिअरीला 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडायच्या आधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. एक दिवस समाजकल्याणच्या कार्यालयात गेला की तो दिवस वॉर्डात भरून द्यायचा. कमवा आणि शिका म्हणायला ठीक आहे. कमवायला दिवसात तास उरायला हवेत.

गेल्या हंगामातलीच गोष्ट. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा नूतनीकरणाचा अर्ज भरायचा होता. आधारला मोबाइल नंबर वडिलांचा, वडील उसाच्या फडात. ओटीपीची मुदत काही मिनिटांची. वॉर्डात मोबाइल चालत नाही, म्हणून ती ड्युटीतून जिन्यात आली. वडिलांना इंग्रजी मेसेज वाचता येईना, त्यांनी फोन मुकादमाकडे दिला. मुकादमाने आकडे सांगेपर्यंत मुदत संपली. पुन्हा ओटीपी, पुन्हा मुकादम. आत इन्चार्ज सिस्टर नावाने हाका मारत होती. अखेर अर्ज गेला आणि काही आठवड्यांनी ‘सेंट बॅक’ होऊन परत आला. कारण काय? रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट. ती प्रत माझ्यासमोर स्कॅन केली होती. माझ्या चष्म्यातून ती स्वच्छ दिसत होती.

असा अर्ज क्लार्क लॉगिनला थांबतो, तिथून प्रिन्सिपल लॉगिनला थांबतो, मग डेस्क एक, डेस्क दोन. कुठे किती दिवस थांबला याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही. कॉलेज म्हणतं विभागाकडे आहे, विभाग म्हणतो कॉलेजकडे आहे, हेल्पलाइन म्हणते कृपया प्रतीक्षा करा. अनुसूचित जातीच्या मुलांची तर दुहेरी वाट. 2021-22 पासून केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि राज्याचा 40 टक्के वेगळा. दोन्ही एका दिवशी येतील याची हमी नाही. खात्याला आधार जोडलेलं नसेल किंवा भलत्याच बँकेला जोडलेलं असेल, तर पैसे कुठे गेले हे शोधण्यात सत्र संपतं. इकडे कॉलेज म्हणतं, पूर्ण फी भरा, मगच परीक्षेचा फॉर्म पुढे पाठवू.

रकमांबद्दल फार लिहीत नाही, कारण वेळेवर आलेली छोटी रक्कमसुद्धा मुलं पुरवून खातात. तरी एक आकडा ठेवतो. 2017 च्या जानेवारीत ठरलेल्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला 60,000 रुपये आहेत: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. भोजनाचे दिवसाला 87 रुपये 67 पैसे. निवासाचे महिन्याला 1,666 रुपये. पुण्यात या भाड्यात मिळणारी खोली आपल्या पाहण्यात असेल तर पत्ता कळवावा, मुलं रांगेने येतील.

कोणी म्हणेल, शैक्षणिक कर्ज आहे की. आहे. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली. विनातारण कर्ज, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत. पण ती रँकिंगमधल्या संस्थांसाठी, सुरुवातीला देशभरातल्या 860. तालुक्याच्या रस्त्यावरचं विनाअनुदानित नर्सिंग कॉलेज त्या यादीत शोधायला बसू नका. आणि मुळात फी शासनानेच भरायची ठरली आहे, तर कर्ज मुलीने कशासाठी काढायचं?

योजनांना नावं मात्र फार मोठी दिली आहेत. राजर्षी शाहू महाराज, ज्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. डॉ. पंजाबराव देशमुख. सावित्रीबाई फुले, ज्या 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्या नावाने अर्ज भरलेली मुलगी उद्या रुग्णाचीच सेवा करणार आहे. कोविडच्या साथीत, 3 मे 2020 रोजी, अशाच सेवेसाठी देशभरातल्या इस्पितळांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती. दिवस आधी जाहीर झाला होता आणि फुलं त्याच दिवशी पडली. ठरवलं की तारीख पाळता येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

समिती नेमू नका, ॲप काढू नका, आणखी एका थोर व्यक्तीचं नाव शोधू नका. चार गोष्टी करा. पहिली, पहिल्या सत्राच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत शासनाचा वाटा जमा होईल अशी तारीख शासन निर्णयात लिहा, आणि क्लार्क लॉगिनपासून शेवटच्या डेस्कपर्यंत प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा घाला. दुसरी, ती तारीख चुकली तर प्राप्तिकर परताव्याला मिळतं तेवढं दरमहा अर्धा टक्का व्याज विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करा. शेकडा दोनपुढे ते काहीच नाही, पण सरकारला उशीर टोचेल. तिसरी, शासनाच्या थकबाकीपायी कोणाचा परीक्षा फॉर्म किंवा मूळ कागदपत्रं अडली, तर त्याच आठवड्यात निर्णय देणारा एक अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमा आणि त्याचं नाव व मोबाइल नंबर कॉलेजच्या दारावर लावा. चौथी, कोणत्या महाविद्यालयाचे कोणत्या वर्षाचे किती रुपये शासनाकडे बाकी आहेत, ते दर महिन्याला जाहीर करा. मग कॉलेज खोटं बोलतं की विभाग, हे आमचं आम्ही बघून घेऊ.

यातल्या तीन गोष्टींना जवळजवळ पैसे लागत नाहीत. दुसरीला लागतील, पण आपण वेळेवर दिलेत तर तिलाही लागणार नाहीत.

पुढची प्रवेशफेरी सुरू होईल तेव्हा माझ्या ओसरीवर पुन्हा मुलं येतील. त्यांच्या आई-बापांना मी दरवर्षी सांगतो, “भरा अर्ज, येतील पैसे.” यंदा ते विचारणार, कधी? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आपल्याकडे असायला हवं. हे पत्र कोणाकडे वर्ग करू नये. उत्तरात फक्त तारीख कळवावी.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, मराठवाडा