फेरी नको, मुक्काम हवा

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या बसस्थानकात लहानपणापासून कानावर पडलेला एक शब्द आहे : मुक्कामी गाडी. संध्याकाळी एखाद्या खेड्यात जाऊन थांबायची, चालक-वाहकांनी तिथेच रात्र काढायची आणि पहाटे कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेली माणसं घेऊन परतायचं. डिझेल लागतं ते इतर कुठल्याही गाडीएवढंच. पण पाटी दाखवून लगेच माघारी फिरणाऱ्या गाडीपेक्षा ही मुक्कामी एस.टी. गावाच्या कितीतरी जास्त कामी येते. परदेशी शिक्षणानं पर्यावरणाचं काय होतं, हा वाद आता आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. त्या वादातली खरी गोम मला या एका शब्दात दिसते.

उंबऱ्यापर्यंत असं म्हणायला कारण आहे. एका पिढीपूर्वी इथलं लेकरू पुण्याला किंवा हैदराबादला शिकायला गेलं, तरी गल्लीत चर्चा व्हायची. आज लातूर-नांदेड पट्ट्यातली मुलं पदव्युत्तर शिक्षणाला इंग्लंड-जर्मनीला जातात. वैद्यकीयची सरकारी जागा थोडक्यात हुकलेली मुलं रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स गाठतात. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा तिथं शिकणाऱ्या लेकरांच्या काळजीनं आपल्याही जिल्ह्यातले आईबाप रात्र-रात्र फोन हातात धरून बसले होते. त्याच वेळी जगभरची विद्यापीठं विचारू लागली आहेत की, शिक्षणासाठी होणाऱ्या या विमानप्रवासाचा धूर कुणाच्या खाती मांडायचा? यावर आपल्याकडे तीन उत्तरं दिली जातात. मला तिन्ही अपुरी वाटतात.

पहिलं उत्तर असं : पर्यावरण ही भरल्या पोटाची चर्चा आहे. आमच्या एका लेकराच्या विमानानं काय आभाळ फाटणार आहे?

या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य करायला हवं. २०१८ साली जगातल्या शंभरांतल्या जेमतेम अकरा माणसांनी विमानात पाय ठेवला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रवासी विमानांतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनापैकी निम्मा वाटा जगाच्या केवळ एक टक्का लोकांचा आहे. भारतातला माणूस वर्षाकाठी सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो, अमेरिकेतला चौदा टनांच्या आसपास. तेव्हा पहिलं बोट मुरुडच्या पोराकडे दाखवणं हा उघड अन्याय आहे.

पण तेवढ्यावरून हिशोबच मांडायचा नाही, हे मला पटत नाही. मुंबई-लंडन जाऊन-येऊन एका प्रवाशामागे ढोबळमानानं टनभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर साडेतीनशे लिटरहून जास्त डिझेल जाळल्यासारखं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दिवाळीला, लग्नाला, सुट्टीला असं चारदा येणं-जाणं झालं, की तो आकडा चौपट होतो. आणि हवामान बिघडलं की पहिली झळ कुणाला बसते? एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे लातूरला आली होती. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या टंचाईला उसाचा हव्यास, बेसुमार उपसा आणि ढिसाळ नियोजनही कारण होतं. सगळं हवामानबदलावर ढकलणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण पाऊस जितका लहरी होईल तितकं आपलं जगणं अवघड होणार, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरी पाणी रेल्वेनं आलं, त्यांनी तरी हा प्रश्न दुसऱ्यांचा आहे असं म्हणू नये.

दुसरं उत्तर याच्या अगदी उलट टोकाचं : जाऊच नका. व्याख्यानं ऑनलाइन मिळतात, साउदॅम्प्टन विद्यापीठानं गुरुग्राममध्ये शाखा काढली आहे, नवी मुंबईतही परदेशी विद्यापीठं येऊ घातली आहेत. मग विमानात बसायचंच कशाला?

हे ऐकायला सरळ वाटतं, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं त्यांना ग्रंथालय मिळालं, मोठे प्राध्यापक मिळाले. आणि ज्या समाजात कुणी त्यांना जात विचारत नाही, अशा समाजात वावरण्याचा अनुभवही मिळाला. तो अनुभव टपालानं मागवता आला नसता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० साली स्वतःची बचत आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांसह इतरांची मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पुरा करून १९२३ साली आले. पुढं १९५० साली औरंगाबादला त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं महाविद्यालय सुरू केलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीत शिक्षणाची दारं बंद राहिलेल्या मराठवाड्यातल्या किती घरांत त्यातून पहिला पदवीधर निघाला! त्या प्रवासाला लागलेला कोळसा एका पारड्यात आणि ही घरं दुसऱ्या पारड्यात टाकून बघा.

आजही गावकुसाबाहेरचं, कोरडवाहू घरातलं लेकरू, विशेषतः मुलगी, परदेशी गेली की जे बदलतं ते पडद्यावर बदलत नाही. टाळेबंदीच्या काळात रेंजसाठी पत्र्यावर, लिंबाच्या झाडाखाली बसलेली पोरं आपण पाहिली आहेत. ‘जाऊच नका’ हा नियम झाला तर आधी शिष्यवृत्तीवाले थांबतील. पैसेवाल्यांची पोरं आपल्या खर्चानं जात राहतील, आणि पर्यावरणाचं नाव घेऊन आपण जुनीच उतरंड पक्की करू. इथं येणाऱ्या परदेशी शाखांचं स्वागत आहे. त्यांच्यामुळे काही विमानफेऱ्या वाचतील. पण त्यांचं शुल्क कोरडवाहू शेतकऱ्याला झेपेल का, हे विचारल्याशिवाय त्यांना पर्याय म्हणता येणार नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात सोयीचं आहे, म्हणून सगळ्यात धोक्याचं : जा, हवं तितकं जा, त्या बदल्यात झाडं लावा, किंवा लावायला पैसे द्या.

झाडं लावायला कुणाचा विरोध असणार? लातूर हा राज्यातल्या सगळ्यात कमी जंगलाच्या जिल्ह्यांपैकी एक. इथं प्रत्येक झाड हवंच आहे. पण रोप लावायला एक दिवस पुरतो आणि जगवायला तीन उन्हाळे लागतात. २०१७ ते २०१९ या काळात राज्यात कोट्यवधी झाडं लावण्याची मोठी मोहीम झाली. तिच्यात शाळकरी मुलांनी मनापासून खड्डे खणले. पण मे महिन्यात माणसांनाच टँकरची वाट बघावी लागते, तिथं रोपाला पाणी कोण घालणार? विमानाचा धूर आज निघतो आणि शतकानुशतकं हवेत राहतो. झाड तो शोषायला काही दशकं घेणार, तेही जगलं तर. शिवाय कुठंतरी झाड लागलं या समाधानात माणूस प्रवासाबद्दल विचार करायचा थांबतो. झाड जरूर लावावं, ते गावासाठी लावावं. त्याला विमानाच्या तिकिटाची पावती करू नये.

मग करायचं काय? माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : परदेशी शिक्षणातल्या फेऱ्या कमी करा आणि मुक्काम वाढवा.

साधं गणित मांडू. टनभर कार्बन खर्चून कुणी आठ दिवसांच्या ‘अभ्यासदौऱ्या’ला गेलं, तर शिकण्याच्या एका दिवसामागे सव्वाशे किलो पडतात. तोच टनभर खर्चून दोन वर्षं राहिलं, तर दिवसामागे दीड किलोसुद्धा पडत नाही. म्हणजे कात्री लावायचीच तर ती आधी छोट्या दौऱ्यांना लावली पाहिजे. विमानतळ, दोन कंपन्यांना भेट, एका विद्यापीठाच्या फाटकाशी फोटो आणि बाजारहाट, याला शिक्षण म्हणणं बंद करू या. पाण्याचं नियोजन शिकायला इस्रायलला जाण्यापूर्वी जालना जिल्ह्यातलं कडवंची पाहिलं का? नगरचं हिवरे बाजार पाहिलं का? तिथं एस.टी. जाते, आणि तिथला पाऊस, जमीन, भाऊबंदकी, ग्रामसभा सगळं आपल्यासारखंच आहे.

मुक्कामाचं तत्त्व आपल्याच एका योजनेत आधीपासून आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासन राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं परदेश शिष्यवृत्ती देतं. बाबासाहेबांना लंडनला जायला हात देणारे तेच शाहू महाराज. त्या शिष्यवृत्तीत विमानभाडं मिळतं ते साध्या वर्गाचं : जाताना एकदा आणि शिक्षण पुरं करून येताना एकदा. पर्यावरणाचा विचार मनात न ठेवताही याहून चांगली रचना सापडणं अवघड आहे. कर्ज काढून जाणाऱ्या मुलांनी हीच शिस्त पाळली तर घराचा पैसाही वाचेल. सुट्टीत आईला भेटावंसं वाटणं चूक आहे असं कोण म्हणेल? पण दरवर्षी दोनदा येण्यापेक्षा मधली एकच भेट, तीही महिनाभराची, हा आईलाही सुखाचा सौदा आहे.

संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. किती विद्यार्थी, किती प्राध्यापक, किती पदाधिकारी वर्षभरात परदेशी गेले, किती दिवस राहिले आणि काय घेऊन आले, हे प्रत्येक विद्यापीठानं वार्षिक अहवालात छापावं. काटकसर वरून सुरू व्हावी. बिझनेस क्लासच्या एका आसनाचा कार्बन साध्या आसनाच्या सुमारे तिप्पट असतो. दोन दिवसांच्या परिषदेसाठी तो खर्चणाऱ्यानं विद्यार्थ्याला उपदेश करू नये. युरोपात १९८७ पासून चालणाऱ्या इरॅस्मस योजनेत आता रेल्वेनं किंवा बसनं जाणाऱ्या विद्यार्थ्याला जादा अनुदान आणि प्रवासाच्या वाढीव दिवसांचा खर्च मिळतो. आपल्याला लंडनला रेल्वे नाही, पण मुंबईला आहे. लेकराला निरोप द्यायला दोन-दोन गाड्या भरून विमानतळापर्यंत जाणं हे आपलं प्रेम आहे, हे मी जाणतो. ते प्रेम लातूरच्या रेल्वे फलाटावरही तितकंच दाटून येतं.

ऑनलाइनचीही जागा आहे, ती आधी आणि नंतर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार भारतीय आणि परदेशी संस्थांनी मिळून चालवलेल्या ‘ट्विनिंग’ अभ्यासक्रमात तीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवता येतात, म्हणजे बाकीचा अभ्यास इथंच होतो. भाषा, संदर्भ, प्राथमिक विषय इथं बसून, तिथल्या शिक्षकांशी पडद्यावर बोलून पुरे करावेत; आणि जे प्रयोगशाळेत, शेतात, माणसांत गेल्याशिवाय येत नाही त्यासाठीच जावं. तिथं स्थायिक झालेल्या आपल्या मुलांनी दर आठवड्याला एक तास मुरुडच्या एखाद्या वर्गाला शिकवलं, तर तेही परतणंच आहे, आणि त्याला विमान लागत नाही.

हिशोब विमानतळावर संपत नाही, हेही लक्षात असू द्या. श्रीमंत देशातलं रोजचं राहणं, अखंड तापवलेली घरं, माणशी मोटार, फेकून दिलेलं अन्न यांचा वर्षभराचा भार त्या एका प्रवासाहून जड होऊ शकतो. हंड्यानं पाणी मोजत वाढलेलं आपलं लेकरू तिथं सायकलनं फिरलं, घरून नेलेल्या डाळीवर चार दिवस काढू शकलं, तर त्यात कमीपणा नाही. ती आपली विद्या आहे, ती तिथं शिकवण्यासारखी आहे.

आणि शेवटचं, माझ्या मनाला सगळ्यात जवळचं. जाण्याचाच विचार आपण का करतो? नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. कोरडवाहू शेती, भूजल, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचं पुनर्वसन हे विषय शिकायला याहून मोठी प्रयोगशाळा कुठं आहे? परदेशी विद्यार्थ्यांनी इथं यावं, पण उन्हाळ्यात आठवडाभर दुष्काळाचे फोटो काढायला नको. त्यांनी मृगापासून सुगीपर्यंत राहावं. सोयाबीनच्या पेऱ्यापासून काढणीपर्यंत एका घरात राहिलेला विद्यार्थी आपल्या देशात जाऊन जे सांगेल, ते दहा परिषदांत सांगून होणार नाही.

गाडी निघाली की धूर होणारच. मुक्कामी गाडीबद्दल गावाची तक्रार नसते, कारण सकाळी ती कुणाला घेऊन निघणार आहे हे गावाला ठाऊक असतं. आपल्या लेकरांना परदेशी पाठवताना तेवढंच विचारू या : किती दिवस राहणार, आणि परतताना गाडीत काय असणार? याचं उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्यानं जरूर जावं.