प्रयोगशाळेचा उंबरठा

वास्कोहून दिल्लीकडे निघालेली गोवा एक्सप्रेस भोपाळ गाठण्यापूर्वी हबीबगंज स्थानक ओलांडते. २०२१ पासून या स्थानकाला राणी कमलापती यांचे नाव देण्यात आले असले, तरी त्या परिसराची जुनी ओळख लोकांच्या तोंडून गेलेली नाही. तेथून जवळच भोपाळची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी आहे. वैद्यकाच्या पहिल्याच वर्षी तेथील विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकावे लागते आणि पेशीच्या श्वसनाचा पाठ आला की 'सायटोक्रोम सी' हे नाव येतेच. वनस्पतींच्या पेशींतही हे द्रव्य असते, असे दाखवून देणारी संशोधक आजच्या मध्य प्रदेशातील इंदुरात, एका मराठी घरात जन्मली, हे त्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? भोपाळचे राहू द्या, आमच्या गोमंतकातील किती विद्यार्थ्यांना ते सांगता येईल? दुर्गाबाई भागवत यांची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी लागत नाही. त्यांच्या धाकट्या भगिनी डॉ. कमला सोहोनी यांची मात्र अजूनही करून द्यावी लागते, ही खेदाची गोष्ट होय.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमला भागवत अग्रक्रमाने उत्तीर्ण झाल्या. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. साहजिकच कमलाबाईंनी तेथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक नोबेल विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती. कमलाबाई बंगळूरला गेल्या, संचालकांच्या दारात सत्याग्रहाला बसल्या आणि अखेर प्रवेश मिळविला. तथापि तो सशर्त होता. पहिले वर्ष परीक्षेचे. कामाचा दर्जा संचालकांना पटल्यावरच त्याला मान्यता. आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, ही वर आणखी एक अट! वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि त्या संस्थेची दारे स्त्रियांना खुली झाली. रामन यांच्या थोरवीला उणेपणा आणण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. एवढ्या मोठ्या बुद्धीलाही रूढीचा पडदा दूर करण्यास वर्ष लागले, तर सामान्य अधिकाऱ्यांची काय कथा, एवढेच सुचवावयाचे आहे.

पुढे केंब्रिजमध्ये डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी एंझाइमांवर, म्हणजे विकरांवर काम केले. विकर म्हणजे सजीवांच्या देहातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. अन्न पचते, फळ पिकते, दुधाचे दही होते, ते सारे यांच्याच बळावर. बटाट्यावर काम करीत असता कमलाबाईंना वनस्पतींतील सायटोक्रोम सी आढळले आणि प्राणी व वनस्पती यांच्या श्वसनातील साम्य अधिक स्पष्ट झाले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता. विज्ञानात पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली.

१९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या, ही आम्हांला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ नंतर मुंबईची विज्ञान संस्था अशा क्रमाने त्यांनी काम केले आणि पुढे त्या संस्थेचे संचालकपदही भूषविले. परदेशातील उच्च कोटीच्या संशोधनानंतर त्यांनी हाती घेतले ते वाल, दूध आणि नीरा हे गरिबाच्या ताटाशी जडलेले विषय. कच्च्या कडधान्यात प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडविणारी द्रव्ये असतात, आणि शिजविल्याने हा अडसर बहुतांशी दूर होतो. आपल्या आजीबाई वाल रात्रभर भिजवीत आणि चांगले शिजवीत, त्यामागील कार्यकारणभाव हा असा आहे. नीरेचा विषय तर आपल्या किनारपट्टीच्या अंगणातलाच. पहाटे उतरविलेला माडाचा गोड रस उन्हे चढताच यीस्टच्या विकरांनी आंबून सुर होतो. तो ताजेपणीच पोटात गेला तर कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांना त्याचा लाभ होतो, असे त्यांच्या कामातून दिसून आले. याच कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

ज्ञान स्वतः तटस्थ असते, ही जाणीव भोपाळच्या नावासरशी व्हावयास हवी. तेथील कारखान्यात तयार होणारे 'सेव्हिन' हे कीटकनाशक किड्यांच्या मज्जासंस्थेतील एक विकर निकामी करूनच त्यांना मारते. ते बनविण्यासाठी साठविलेल्या मिथिल आयसोसायनेट वायूने डिसेंबर १९८४ मधील त्या रात्री हजारो निरपराध माणसांचा बळी घेतला. विकरांची विद्या कुपोषित बालकाच्या कामी यावी की बेपर्वा कारखानदारीच्या, हे तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारे कोणी आहे की नाही, यावर ठरते. कमलाबाई भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कार्यात आघाडीवर राहिल्या आणि भेसळीविरुद्ध लिहीत राहिल्या, त्याचे मर्म यात आहे. प्रयोगशाळेत मिळालेले ज्ञान बाजारात व स्वयंपाकघरात पोहोचले पाहिजे, ही त्यांची धारणा होती.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने योजिलेल्या सत्कारसमारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले. समाजाने कौतुकास केलेल्या विलंबाची याहून बोलकी साक्ष कोणती?

आता पुतळे आणि नामफलक यांवर न थांबता तीन गोष्टी व्हाव्यात, असे आम्हांला वाटते. एक, आपल्या महाविद्यालयांनी माड, काजू, कोकम आणि कडधान्ये हे संशोधनाचे विषय मानावेत. विषय घरचा म्हणून तो हलका ठरत नाही. दोन, अन्नतपासणीचे निष्कर्ष सामान्य गृहिणीला कळतील अशा भाषेत प्रसिद्ध व्हावेत. आणि तीन, संसारामुळे संशोधन थांबलेल्या मुलींना परत येण्याचा मार्ग संस्थांनी स्वतःहून खुला ठेवावा. कमलाबाईंना दारात बसावे लागले. त्यांच्यानंतर येणाऱ्या मुलींना बसावे लागू नये, यातच त्यांच्या वारशाचा खरा सन्मान आहे.