प्रयोगाच्या टेबलाजवळ कोण उभं आहे?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती होऊन गेली असेल, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन तोंडावर आला असेल आणि ८ मार्चच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या असतील. एरवी आपण या पानावर पहिल्या आणि शेवटच्या दिवसाबद्दल लिहितो. मधला दिवस शाळांचा आणि विद्यापीठांचा, म्हणून सोडून देतो. या वेळी मी मुद्दाम त्या मधल्या दिवसाबद्दल लिहिते आहे. त्याला कारण घडलं ते असं.

डिसेंबरात एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागाचं पत्र आमच्या भागातल्या माध्यमिक शाळेत आलं. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एका शनिवारी दिवसभर प्रयोग, स्वतः करून पाहायचे. प्रवेश सर्वांना खुला, फी नाही. शाळेने निवडक वीस विद्यार्थी पाठवावेत, एवढंच. मुख्याध्यापकांनी यादी केली. वीसात चार मुली. मी विचारायला गेले तर म्हणाले, "ताई, मुली हुशार आहेत, मी नाही कुठे म्हणतो? पण पहाटे साडेपाचला निघायचं, यायला रात्र होणार. जबाबदारी कोण घेणार?"

प्रश्न खोटा नव्हता. आमच्या संघटनेतल्या आम्ही दोघींनी बरोबर जाऊ असं लिहून दिलं, तेव्हा यादीत दहा मुली आल्या. प्रत्यक्ष त्या पहाटे स्टँडवर सातजणी पोहोचल्या. एकीची आई बाळंत झाली होती. एकीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, धाकटी भावंडं तिच्यावर. तिसरीच्या घरी रात्री ऐन वेळी कुणीतरी "कशाला?" असं म्हटलं, आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मुलगे दहाच्या दहा आले. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, पण तो गाव ते शाळा एवढाच. २०२३ पासून बायकांना एसटीचं भाडं अर्धं झालं, तरी ते अर्धंही कुणीतरी भरावं लागतंच. आम्ही वर्गणी काढली.

कार्यक्रम चांगला होता, हे आधी सांगते. सर सोप्या मराठीत बोलत होते, मुलांना हसवत होते. मग सगळे प्रयोगशाळेत गेले. प्रत्येक टेबलावर एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चकतीचं लोहचुंबक आणि तांब्याची तार. त्यातून विजेवर फिरणारी छोटी मोटार करायची होती. तारेचं वेटोळं करून त्याची दोन टोकं पिनांच्या भोकांत ठेवायची. तारेवर इनॅमलचा थर असतो, तो खरवडल्याशिवाय वीज आत जात नाही. गंमत अशी की एका टोकावरचा थर पूर्ण काढायचा आणि दुसऱ्या टोकावरचा फक्त एका बाजूने. दोन्हीकडचा पूर्ण काढला तर अर्ध्या फेरीनंतर वेटोळं उलट ओढलं जातं आणि जागच्या जागी थरथरत राहतं. अर्धा ठेवला की तेवढ्या वेळापुरती वीज तुटते, वेटोळं आपल्याच गतीने पुढे सरकतं आणि मोटार फिरत राहते.

मी मागे उभी राहून पाहत होते. सहा टेबलं होती. पाचांवर तार मुलाच्या हातात होती आणि वही मुलीच्या हातात. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं होतं. एका टेबलाशी तर मदतीला असलेले शिक्षक मायेने म्हणाले, "मुलींचं अक्षर छान असतं, निरीक्षणं तुम्ही लिहा हं."

सहाव्या टेबलावर आमच्याकडची नववीतली एक मुलगी होती. तिने तार आपल्या हातात घेतली होती. वेटोळं फिरेना. तिने ते काढलं, डोळ्यांजवळ नेऊन टोकं पाहिली आणि पुन्हा खरवडायला घेतलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा आला, "दे इकडे" म्हणाला, त्याने टोक घासलं, आणि मोटार फिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ खिडकीबाहेर बघून मग म्हणाली, "ताई, मला कळलं होतं. घासायचं राहिलं होतं. माझीपण फिरली असती."

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या मजल्यावरच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई जेवायला गेलेला. आमच्या मुलींना याचं आश्चर्य वाटलं नाही. त्या सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या.

मी हे कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी लिहीत नाही. सुट्टीचा शनिवार शाळकरी मुलांना देणारी माणसं मला मोलाची वाटतात. असं काम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी नेटाने चालत आलं आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकामध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होत आली आहेत. नारायणगावजवळ खोडदला, जिथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिथे विज्ञान दिनाला शाळांचे प्रयोग मांडले जातात आणि आसपासच्या गावांतली माणसं ते बघायला येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की 'सर्वांना खुलं' असं दारावर लिहिल्याने दार सर्वांना उघडत नाही. पहाटेची एसटी, भाडं, सोबत, घरातलं काम, कुलूप लावलेलं स्वच्छतागृह, ही त्याच दाराची कुलपं आहेत. आणि ती सगळी उघडून मुलगी टेबलापर्यंत पोहोचली, तरी तार तिच्या हातात येत नाही.

विज्ञान दिन हा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधाच्या स्मरणार्थ पाळला जातो. तो शोध थोरच आहे. पण आपल्याला आणखी एक आठवण ठेवली पाहिजे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा संस्थेचे संचालक असलेल्या याच रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. बंगळूरला जाऊन त्यांनी जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. वर्षभर काम पाहिलं जाईल, मगच ते मान्य होईल, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षानंतर रामन यांचं समाधान झालं आणि पुढे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. कमला सोहोनी म्हणून आपण त्यांना ओळखतो, दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी.

पण कमलाबाईंचे वडील आणि काका स्वतः त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. जाब विचारायचं बळ घरातूनही मिळालं होतं. ज्या मुलीच्या घरात विज्ञान शिकलेलं कुणीच नाही, तिने कुणाच्या जोरावर "थांब, माझी मी करते" म्हणायचं?

कुणी म्हणेल, आता काळ बदलला. खरं आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत विज्ञान शाखेतल्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. मुलींना विज्ञान आवडत नाही, झेपत नाही, ही भाषा आता बंद झाली पाहिजे. पण याच देशात संशोधनाच्या कामावर असलेल्यांत स्त्रिया पाचांत एकही भरत नाहीत. मधे त्या कुठे गळतात? काही लग्नात, काही बाळंतपणात, हे आपल्याला माहीत आहे. माझं म्हणणं आहे की ही गळती नववीच्या टेबलापासूनच सुरू होते, जिथे तिला लिहिण्याचं काम मिळतं आणि त्याला करून बघण्याचं. आणि खेड्यातल्या कित्येकजणी तर या आकड्यापर्यंतही पोहोचत नाहीत. आमच्या गावात अकरावीला फक्त कला शाखा आहे. विज्ञान तालुक्याला. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगलं झालं. पण ती माफी घ्यायला मुलगी आधी तालुक्याच्या अकरावीत पोहोचली पाहिजे.

याहून वेगळं करून दाखवलेलं आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात सामील झाले. त्यांनी मुलांना एका दिवसासाठी शहरात बोलावलं नाही, ते स्वतः खेड्यात गेले. सहावी ते आठवीची मुलं चार-चारच्या टोळीत बसून, साध्या सामानातून, आपल्या वर्गात प्रयोग करत. २००२ मध्ये तिथल्या सरकारने तो कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षं तो चालला. विद्यापीठ शाळेत जाऊ शकतं, एवढं तरी त्याने सिद्ध केलं.

आता थोडं आपल्याविषयी. आपल्या चळवळीचं विज्ञानाशी नातं बहुतेक भांडणाचं राहिलं. गर्भलिंगचाचणीविरुद्ध आपण लढलो, १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा त्याविरुद्ध कायदा केला. ते भांडण योग्यच होतं आणि संपलेलंही नाही. पण यंत्राला विरोध करायला शिकलो, ते उघडून बघायला आपण आपल्या मुलींना किती शिकवलं? आपल्या शिबिरांत आरोग्य असतं, कायदा असतं, गाणी असतात. फ्यूज गेला की मात्र आपणही एखाद्या भाऊंना हाक मारतो. मी स्वतःही मारते.

म्हणून विद्यापीठांकडे आणि आपल्या स्वतःकडे माझ्या काही मागण्या आहेत. पत्रात 'निवडक विद्यार्थी' असं न लिहिता निम्म्या मुली असं स्पष्ट लिहावं. भाडं आणि बरोबर येणाऱ्या बाईचा खर्च कार्यक्रमातच धरावा. वर्षातले निम्मे कार्यक्रम शाळेच्या वेळेत, शाळेतच व्हावेत. स्वच्छतागृह उघडं आहे की नाही, हे सकाळी कुणीतरी जाऊन बघावं. टेबलावर प्रत्येकीची पाळी असावी आणि तिची पाळी संपेपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावू नये, मोटार फिरो वा न फिरो. चुकलेलं शोधायला जो वेळ लागतो तोच खरा प्रयोग असतो. आणि वर्षातून एकदा तरी खेड्यातून आलेल्या एखाद्या संशोधक विद्यार्थिनीने गावात येऊन पालकांशी बोलावं. सोबतीला जाण्याची, वर्गणीची आणि घरी समजावण्याची जबाबदारी आपल्या मंडळांनी घ्यावी.

त्या मुलीच्या वडिलांना मी परवा भेटले. "ताई, पोरगी हुशार आहे हो," ते म्हणाले, "पण तालुक्याला रोज कोण नेणार-आणणार? आणि सायन्स घेऊन पुढं काय?" मी दीड तास बसले. त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दहावीला अजून वर्ष आहे. दर महिन्याला मी जाणार आहे. दरम्यान मी तिला एक सेल, दोन पिना, चुंबक आणि थोडी तार नेऊन दिली आहे. तिची मोटार फिरते, असं तिने शाळेतल्या मैत्रिणीबरोबर कळवलं.

येत्या २८ फेब्रुवारीला तुमच्या गावातल्या, शहरातल्या कुठल्याही विज्ञान कार्यक्रमाला जा. मागे उभ्या राहा आणि मोजा. किती मुली आल्या, किती यायच्या राहिल्या आणि का, तार कुणाच्या हातात होती आणि वही कुणाच्या. आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू आणि तेच आकडे घेऊन विद्यापीठांकडे जाऊ.

तुमची,
संपादक मंडळातली एक मैत्रीण