सरी मोजणारी नजर

बेलापूर स्टेशनवर उतरलं की समोर गाव लागतं ते श्रीरामपूर. खरं बेलापूर काही किलोमीटरवर, प्रवरेकाठी. या वाटेवर नव्या उसाच्या रानात बांधावर थांबून सरीच्या दिशेनं पाहा. चार फुटी सरी असेल, तर सुमारे २३० फुटांवर नजरेच्या कोनाच्या एका अंशात एक सरी बसते, सातशे फुटांवर तीन. खूप पुढे गेलं की नुसता हिरवा पट्टा.

अंशामागे असे सरीसारखे पट्टे किती, हा हिशेब आपले डोळे आणि मेंदू न सांगता करतात. तीन ते पाच पट्टे असतील तेव्हा फिकट फरकही चटकन कळतो. साठाच्या आसपास पट्टे दिसेनासेच होतात. १९६८ साली कॅम्पबेल आणि रॉबसन या संशोधकांनी मांडलं की जाड आणि बारीक पट्ट्यांसाठी दृष्टीत वेगवेगळे मार्ग असावेत. जाड पट्टे मिनिटभर न्याहाळा, मग मध्यम पट्टे आहेत त्याहून बारीक भासतात. गंमत नाही, थकलेल्या मार्गाचा पुरावा आहे तो.

हा विषय आत्ताच का? कारण डोळे तपासायचे म्हणजे तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायची, एवढंच आपण धरून चालतो. मोतीबिंदूच्या सुरुवातीला ती ओळ वाचता येते, पण तिन्हीसांजेला पायरीची कड दिसत नाही. या अंकाचा भर अशा फिकट फरकांवर आहे.

हात लांब करून अंगठा धरा. त्याची रुंदी साधारण दोन अंश. त्यात तुमच्या रानातल्या किती सऱ्या मावल्या, आम्हाला जरूर कळवा.