त्याचं गाव विचारा

भिसेगावकरांनो, स्टेशन आपल्या उशाशी आहे. घाट चढायला मागून बँकर इंजिन लावायचं म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात. वडापावसाठी उतरणाऱ्यांच्या गर्दीत कधी असाही एखादा उतरतो, ज्याला आपण कुठे आलो हेच ठाऊक नसतं. केसांच्या जटा, भर उन्हात अंगावर दोन-तीन शर्ट, स्वतःशीच चाललेलं बोलणं. दोन दिवसांत त्याचं नाव 'येडा' पडतं आणि महिनाभरात तो आपल्याला दिसेनासा होतो. असतो मात्र तिथेच.

दया आपल्याकडे कमी नाही. कुणी चहा देतं, कुणी जुनी चादर. पण त्याचं नाव काय, गाव कुठलं, हे कुणी विचारत नाही. तो कुणाचा तरी मुलगा किंवा बाप असेल, घरचे त्याला शोधत असतील, हे मनात येतच नाही.

१९८८ साली मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी एका तरुणाला नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिताना पाहिलं. दोघंही मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं. उपचारांनी तो सावरला तेव्हा कळलं की तो पदवीधर आहे आणि त्याचे वडील आंध्रात जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत. यातून उभ्या राहिलेल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम २००६ पासून आपल्या कर्जतमध्ये चालतं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणायचं, अंघोळ-जेवण-औषध द्यायचं, बोलू लागले की पत्ता काढायचा आणि माणूस सोबत देऊन घरी पोचवायचं. हजारो माणसं अशी घरी गेली. डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कौतुक आपण केलं, पण फलाटावरच्या माणसाला वळसा घालायची सवय काही सुटली नाही.

त्याच्याशी बोलायचं तर समोरून जा, मागून खांद्यावर हात टाकू नका. आवाज बेताचा ठेवा. घोळका करू नका आणि मोबाइल खिशातच असू द्या. व्हिडिओ काढून त्याला काही मिळत नाही. कानात आवाज ऐकू येणाऱ्याला 'असं काही नाहीये' म्हणून वाद घालू नका, त्याच्यासाठी तो आवाज खराच असतो. पाणी द्या, नाव विचारा. मराठी कळत नसेल तर हिंदी बोला, आणखी एखादी भाषा येणारा शेजारी गाठा. गावाचं, नदीचं, देवळाचं काहीही नाव तोंडून निघालं तर लिहून ठेवा. बाई एकटी असेल तर रात्र होऊ देऊ नका. गल्लीतल्या दोघी-तिघींनी तिच्याजवळ थांबावं आणि लगेच ११२ लावावा.

कारण हे काम नुसत्या दयेवर सोडलेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशी भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ठाण्यात जाल तेव्हा हे शांतपणे सांगा, आणि लिहून घेतलेली नावं द्या.

आणि असा माणूस आपल्याच आळीत बरा होऊन परत आला तर? आमच्या मते खरी कसोटी तिथे आहे. 'अजून गोळ्या चालूच का?' असं ओटीवर बसून विचारू नका. त्या एका प्रश्नानं लाजून लोक गोळ्या बंद करतात आणि दुखणं उलटतं. भगताकडे न्यायचा सल्लाही देऊ नका. पूर्वीसारखं हाक मारून बोला, भात लावणीला बोलवा, लग्नाची पत्रिका द्या. घरच्यांना काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर द्या. तिथे मराठीतही बोलता येतं.