रक्त मोजलं, कळ कोण मोजणार?

पळस्पे फाट्याजवळच्या माझ्या खोलीत विदर्भातला एक दोस्त राहतो. बौद्ध. बंदरावर माझ्याच टोळीत. दिसायला माझ्याहून दणकट. पण थंडीवाऱ्यात, पाण्याविना राबला की त्याच्या हाडांत कळ उठते. रात्रभर चादर चावतो. सकाळी मुकादम म्हणतो, ‘नाटकं करतो साला.’ आणि खाडा मांडतो.

त्याला सिकलसेल आहे. आई आणि बाप, दोघांकडूनही तो दोष आला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. बारीक नसांत अडकतात. रक्त पुढं सरकत नाही, तिथं कळ. यात नाटक कुठाय?

आमचं रक्त शास्त्रज्ञांना नवं नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. त्यानंतर विदर्भातल्या आपल्या आणि आदिवासींच्या वस्त्यांत किती सुया टोचल्या गेल्या! जात लिहिली, टक्के काढले, निबंध छापले. पण कळ उठलेला माणूस पोट कसं भरतो, हे त्या टक्क्यांत कुठं आहे?

२०१६ च्या कायद्यानं सिकलसेलला अपंगत्व मानलं. छान! पण त्याच कायद्याचं कलम ३४ वाचा. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे दाखला घ्या आणि भिंतीला लावा. २०२३ साली केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली. आदिवासी भागांत ७ कोटी लोकांची तपासणी. ती झालीच पाहिजे. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी कळेचे झटके कमी करते. ती महिन्याच्या महिन्याला हातात पडली पाहिजे. नाहीतर तपासणीचा कागद सोयरीक मोडायलाच कामी येतो.

दोस्तांनो, १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरनं काळ्यांच्या वस्त्यांत फुकट दवाखाने काढून सिकलसेलची तपासणी केली. १९७२ सालीच तिथल्या सरकारनं सिकलसेलचा कायदा केला. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण घेतलं, दवाखाना घ्यायचा राहिला.

तो आता उघडू. आणि तिथूनच सांगू: कलम ३४ मध्ये रक्ताचे आजार घाला. कळेच्या दिवसाचा खाडा मांडू नका. संशोधन कशावर करायचं हे ठरवताना ज्याला दुखतं त्याला शेजारी बसवा, खुर्चीवर. आम्ही काचेच्या नळीतला नमुना नाही. आम्हाला तोंड आहे.

जयभीम!